घाटी, कांगारू आणि उझी

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन रत्नागिरीच्या घराण्यात आले, तेव्हा सासरच्या स्वयंपाकघरात माझं नाव 'घाटीण' पडलं. घाटावरची ती घाटीण, अर्थात काहीच वाईट नाही. पण याच मुंबईत अंगमेहनत करणाऱ्याला 'ए घाटी' म्हणून हाक मारतात, तेव्हा त्या शब्दात घाट कुठेच नसतो. नणंद आधी पाठीमागे म्हणायची. पुढे तोंडावर म्हणू लागली, मीही हसून ओ देऊ लागले. तेव्हापासून तो शब्द घरातला झाला.

जोगेश्वरीच्या आमच्या गल्लीत क्रिकेट फार. ऑस्ट्रेलियाचा सामना असला की पोरं 'ऑसी' म्हणतात. मराठी वर्तमानपत्रं 'कांगारू' लिहितात. ते लोक स्वतः 'ऑझी' म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या सैनिकांच्या तोंडी रुळलेला हा शब्द ते आजही मिरवतात. कांगारूचंही त्यांना वाईट वाटायचं कारण नाही, त्यांनीच तो आपल्या राष्ट्रचिन्हावर बसवला आहे.

पण १७ ऑक्टोबर २००७ ला वानखेडेवर काही प्रेक्षकांनी अँड्र्यू सायमंड्सला माकडासारखे हावभाव करून चिडवलं. त्याच्या अंगात आफ्रो-कॅरेबियन रक्त होतं, म्हणून. आमच्या ओळखीतले कितीतरी, त्यात आपलेही आले, म्हणाले, "मजाक होती, कांगारू चालतो मग हे का नाही?" मला त्या सवालाचा अजून राग येतो. कांगारू त्यांनी निवडला होता. माकड आपण त्याच्या अंगावर फेकलं.

आपल्यासाठीही मराठीत एक शब्द आहे. तो इथे लिहीत नाही, वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझ्या नातवाला तो मैदानात झेल सुटल्यावर ऐकायला मिळाला, तोही दोस्ताच्या तोंडून. घरी येऊन म्हणाला, "दादी, याचा मतलब काय?" मी सांगितला. तो बराच वेळ बॅटची मूठ सोलत बसला.

नातू डावखुरा. त्याचा लाडका खेळाडू उस्मान ख्वाजा, जन्म इस्लामाबादचा, जानेवारी २०११ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळलेला पहिला मुसलमान. त्याचे साथीदार त्याला 'उझी' म्हणतात. पुढच्या रविवारी नातवाने त्याच दोस्ताला सांगितलं, "मला उझी म्हणायचं."

आता गल्लीत तो उझी आहे. तो दुसरा शब्द अजून अधूनमधून कानावर येतो. तोंडावर मात्र कोणी म्हणत नाही.