मिरजेचा तंबोरा

मिरज हे नाव आपल्या घरांतून बहुधा आजारपणाच्या निमित्ताने उच्चारले जाते. डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये येथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही बाजूंचे रुग्ण मिरजेची वाट धरीत आले. पण या गावी आणखी एक जातीचा यात्रेकरू येतो. तो उतरतो तेव्हा त्याचे हात रिकामे असतात, आणि परत निघतो तेव्हा गवसणी घातलेले एक लांबलचक ओझे तान्ह्या मुलासारखे सांभाळीत तो गाडीत चढतो. फलाटावरील हमालदेखील त्यास हात लावण्यापूर्वी विचारतात. हा यात्रेकरू तंबोरा किंवा सतार नेण्यास आलेला असतो.

गेल्या मार्गशीर्षात आम्हां उभयतांस हा योग आला. आमची पंधरा वर्षांची पुतणी काही वर्षांपासून गाणे शिकत आहे. आता तिचा स्वतःचा तंबोरा असावा, असे तिच्या बाईंनी सुचविले. घरात अर्थातच मते पडली. वडीलबंधूंचे म्हणणे, पुण्याच्या पेठेत डझनांनी तंबोरे टांगलेले असता एवढी यातायात कशाला? तरुण मंडळींचे म्हणणे, खिशातल्या दूरध्वनीवर हवा तो सूर वाजतो, मग एवढी मोठी वस्तू ठेवावयाची कोठे? मातोश्रींनी मात्र एका वाक्यात निकाल दिला : “जिन्नस जिथे पिकतो तिथून आणावा, आणि जिच्यासाठी आणायचा तिला बरोबर न्यावे.” पुणे ते मिरज हा सुमारे 280 किलोमीटरचा प्रवास आम्ही तिघांनी केला, तो या निवाड्यामुळे.

मिरजेस ही विद्या कशी आली, हे पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील शिकलगार मंडळी तलवारी व इतर शस्त्रे घडविण्याचा आणि त्यांस धार लावण्याचा धंदा करीत. इंग्रजी अंमल स्थिरावला, शस्त्रांची मागणी ओसरली, व त्या कुशल हातांस काम उरले नाही. त्यांपैकी फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्ये दुरुस्त करता करता ती घडविण्याची कला हस्तगत केली. आज त्या गल्लीत ‘सतारमेकर’ हेच आडनाव झाले आहे. ज्या हातांनी तलवारीचे पाते पारखले, त्यांच्याच वंशजांनी तारेची धार पारखावी, हा काळाचा मोठा विलक्षण फेरा म्हणावा लागेल.

कारागीर असला तरी गवई नसेल तर वाद्य मुकेच राहावयाचे. मिरजेस गवयांचीही वाण पडली नाही. पटवर्धन संस्थानिकांच्या या गावी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी विद्या दिली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी शोभेच्या दारूने डोळ्यांस इजा झाल्यामुळे येथे औषधोपचारास आले आणि गाण्याकडे वळले. 1896 मध्ये मिरज सोडून त्यांनी पुढे 1901 मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, व त्यांच्यामुळे गाणे आपल्यासारख्या घरांच्या माजघरापर्यंत आले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी तर मिरज हेच आपले घर मानले. 1937 मध्ये मद्रासेकडील प्रवासात त्यांचा अंत झाला, पण देह मिरजेस आणून येथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ठेवण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी गाणे होते. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही 1905 मध्ये मिरजेसच झाला. गावात उत्तम कान असलेली माणसे राहत होती, म्हणून कारागिरांना उत्तम हात ठेवावा लागला. हे सूत्र वाचकांनी ध्यानी ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल.

सतारमेकरांच्या गल्लीत शिरले की प्रथम दिसतात ते भोपळे. दुकानाच्या माळ्यावर, ओट्यावर, कौलांच्या आधाराने रचलेले हे वाळलेले भोपळे पाहून आमच्या सौभाग्यवतींस आपल्या कोठीघराची आठवण झाली. पण हा भोपळा भाजीचा नव्हे. हा कडू, जाड सालीचा, आणि पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस भीमेच्या काठी मुद्दाम पिकविलेला. पूर्वी त्या बाजूने बार्शी लाईटची अरुंद गाडी मिरजेपर्यंत येत असे. आता रुंद रूळ झाले आहेत, पण ऋणानुबंध तोच आहे. भीमेच्या पाण्यावाचून मिरजेचा तंबोरा होत नाही. ज्या वर्षी अवकाळी पाऊस वेलावर कोसळतो, त्या वर्षी कारागिराच्या घरीही चिंता शिरते.

भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, तोंड कापून आतील गर काढतात, व आकार बिघडू नये म्हणून आत बांबूच्या काटक्यांचा ताण देऊन तो पुन्हा वाळवितात. त्यावर तून नावाच्या तांबूस, हलक्या लाकडाची तबली बसते. त्याच लाकडाचा गळा व पोकळ दांडी सरसाने जोडतात. सांध्यावर कोरीव पाने येतात, ती शोभेसाठी तशीच सांधा झाकण्यासाठी. मग खुंट्या, नक्षी, लाखेचे पॉलिश, आणि सर्वांत शेवटी घोडी व तारा. घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत व सांबरशिंग वापरीत. आता ती कायद्याने वर्ज्य असल्यामुळे हाड, आबनूस किंवा कृत्रिम द्रव्य वापरतात. या सगळ्या कामात घाई चालत नाही, कारण भोपळा व लाकूड आपापल्या वेळेनेच वाळतात.

आम्ही ज्या दुकानी गेलो तेथील वृद्ध कारागिरांस गल्लीत सर्वजण चाचा म्हणत, म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो. आम्ही वाद्ये दाखवा म्हटले, तर चाचा हातातील कानस खाली ठेवून म्हणाले, “साहेब, तंबोरे कुठे पळून जात नाहीत. बेटा, आधी तुझा सा ऐकू दे.”

पुतणीने सवयीप्रमाणे काळी चारचा षड्ज लावला. चाचांनी तिला मंद्र सप्तकात उतरावयास सांगितले, वर पंचमापर्यंत जावयास सांगितले, मध्येच शाळेच्या गोष्टी विचारून तिला बोलते केले. मग एका जुन्या तंबोऱ्याच्या तारा अर्धा सूर उतरवून पांढरी पाचवर आणल्या व पुन्हा गावयास सांगितले. वरचा पंचम आता भुवया न चढविता लागला, व खालचे सूरही भरीव येऊ लागले. आम्हां दोघांस संगीतातले फारसे कळत नाही, पण आवाज मोकळा झाला एवढे कोणासही कळले असते. “क्लासातल्या सगळ्या मुलींना एकच मशीन लावतात,” चाचा म्हणाले, “पण सगळ्या मुलींना एकच गळा कसा असेल?” पुतणीने तेथूनच बाईंस दूरध्वनी केला. त्यांनी दूरध्वनीवरच तिचा आवाज ऐकला, दोन प्रश्न विचारले, व पांढरी पाचला संमती दिली. गाणाऱ्या मुलीचा सूर ठरविणे ही थोडी गोष्ट नव्हे. वाढत्या वयात ओढून गायिलेला गळा पुढे कायमचा आखडू शकतो.

तंबोऱ्याची निवड सुरावर का अवलंबून, याचे कारण साधे आहे. पुरुषी तंबोरा सुमारे पाच फूट लांब, बायकी त्याहून आखूड. लांब तार खालच्या सुरास सैल न पडता बोलते, आखूड तार वरच्या सुरास न तुटता चढते. मोठ्या तंबोऱ्यावर उंच सूर ओढला तर तार तुटते, लहानावर खालचा लावला तर ती लुळी पडून बोलेनाशी होते. म्हणून आधी गळा, मग सूर, मग माप, आणि अखेर नक्षी, हा क्रम. दुकानात शिरणारे बहुतेक लोक तो नेमका उलटा लावतात, असे चाचांनी हसत सांगितले.

आमच्या पुतणीचेही डोळे खांद्यावर मोर कोरलेल्या, पांढऱ्या वेलबुट्टीच्या तंबोऱ्यावर खिळले होते. चाचांनी तिला नाही म्हटले नाही. तिला भिंतीकडे तोंड करून बसविले आणि मोराचा तंबोरा व एक अगदी साधा, काळसर पॉलिशचा, असे दोन एकामागून एक छेडले. तिसऱ्या खेपेस ती म्हणाली, “काका, दुसरा. त्यात कुणीतरी आतून गातंय.” दुसरा म्हणजे साधा. कारागिरांनी सांगितले की मोराचा तंबोराही वाईट नाही, पण त्याचा भोपळा जरा पातळ व दांडी जड आहे. शोभेचे मोल वेगळे द्यावे लागते, आणि त्या पैशाने सूर वाढत नाही.

‘आतून गाणारा’ तो कोण, याचाही उलगडा करावयास हवा. तंबोऱ्यास चार तारा. पहिली पंचमाची, मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असणाऱ्या रागास मध्यमाची. मधल्या दोन षड्जाच्या जोडीच्या, व शेवटची पितळी खर्जाची. घोडीचा माथा सपाट नसून किंचित उतरता घासलेला असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवितात. कंप पावणारी तार घोडीस निसटती शिवत राहते, त्यामुळे मूळ सुरावरचे अनेक सूक्ष्म सूर उमटतात. यासच जवारी म्हणतात. खर्जाच्या तारेतून, तिच्या पाचपट कंपनसंख्येचा गंधार न लावता आपोआप ऐकू येतो. गवई त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात दाखविले की, तार ज्या ठिकाणी छेडली असता पाश्चात्त्य नियमानुसार काही उपस्वर नष्ट व्हावयास हवेत, तेथे छेडूनही तंबोऱ्यात ते उमटतात. जे गणित शास्त्रज्ञाने कागदावर मांडले, ते या गल्लीत कानस व बोट यांनी पिढ्यान् पिढ्या साधले जात आहे. चाचांनी आमच्या तंबोऱ्याची जवारी काढण्यास सबंध दुपार घेतली. एकदा कानस फिरवावी, तार चढवावी, डोळे मिटून ऐकावे, पुन्हा तार उतरवावी. तेवढ्या वेळात गल्लीतील कोणी मोठ्याने बोलले नाही.

ज्यांस असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. गाणारा माणूस बरोबर असावा व त्याचा सूर गुरूंकडून पक्का करून घ्यावा. भोपळ्यास चिरा आहेत काय, दांडी सरळ आहे काय, सांधा घट्ट आहे काय, हे उजेडात पाहावे. खुंट्या सरकत नाहीत ना, हे तारा लावून थोडा वेळ थांबून पाहावे. खर्जाची तार एकटी छेडून तीत गंधार ऐकू येतो का, हे शांत जागी व दोन पावले दूर उभे राहून ऐकावे. प्रवासात तारा उतरवाव्या, आणि पावसाळ्यात वाद्य ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवावे. जवारी वापराने झिजते, ती अधूनमधून जाणत्याकडून काढून घ्यावी लागते.

यंत्रातील तंबोऱ्यास आम्ही नावे ठेवीत नाही. प्रवासात, भाड्याच्या खोलीत, पहाटे शेजाऱ्यांची झोप सांभाळताना त्याचा उपयोग आहेच. परंतु यंत्र सूर आयता देते, तंबोरा तो लावावयास शिकवितो. रोज चार तारा मिळविणाऱ्या मुलीचा कान नकळत तयार होतो, आणि हे शिक्षण कोणत्याही परीक्षेच्या पुस्तकात सापडत नाही.

आता मागे सांगितलेल्या सूत्राकडे वळू. 1948 मध्ये मिरज संस्थान विलीन झाले व राजाश्रयाचा काळ संपला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे दुसऱ्या ठिकाणच्या मालावर मिरजेचे नाव घालण्यास कायद्याचा अडसर झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि कायदा नावाचे रक्षण करील, नादाचे करणार नाही. गिऱ्हाईक मोर पाहून पैसे देऊ लागले तर कारागीर मोर कोरीत बसेल, कारण त्यासही घर चालवावयाचे आहे. गिऱ्हाईक डोळे मिटून ऐकू लागले तर तो जवारीवर दुपार खर्च करील, व आपल्या मुलासही ते काम शिकवील. चाचांचा धाकटा नातू त्या दिवशी शाळेतून आल्यावर दप्तर ठेवून खुंट्या घासावयास बसला होता. तो या धंद्यात राहील की नाही, याचा निर्णय बराचसा आपल्यासारख्या घरांच्या हाती आहे. पूर्वी दरबारात जे कान होते ते आता आपल्या माजघरांत तयार व्हावयास हवेत.