घड्याळासाठी नंबर लावला!



मागच्या महिन्यात लग्नासाठी विदर्भ एक्स्प्रेसने गोंदियाहून मुंबईला गेलो. लेकाच्या मनात मात्र दुसरेच होते. त्याला स्विस घड्याळ घ्यायचे होते. दुकानाचे नाव लिहीत नाही. काचेआड घड्याळ दिसत होते, पण ते म्हणे फक्त बघायला ठेवलेले. लेकाचे नाव तेवढे लिहून घेतले आणि वर गोडीगोडीत सुचवले, "आधी दुसरे काही घेतलेत तर बरे पडेल." लाखो रुपये मोजायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवणारे दुकान मी पहिल्यांदाच पाहिले. आपल्याकडच्या सराफाने असे केले तर पुन्हा कोणी त्याची पायरी चढेल का?

बाबूजींनाही (माझे सासरे) एचएमटीसाठी थांबावे लागले होते. पण तेव्हा घड्याळेच कमी होती. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली, तरी मागणी पुरी होत नव्हती. आज एकटी रोलेक्स वर्षाला दहा लाखांहून जास्त घड्याळे बनवते, असा जाणकारांचा अंदाज आहे. मग तुटवडा कसला? ज्या मॉडेलवर लोकांचा डोळा, तेच बेताबेताने सोडायचे. त्यामुळे डेटोनासारखे साधे स्टीलचे घड्याळ वापरलेले असूनही दुकानातल्या किमतीपेक्षा महाग विकले जाते.

"मम्मी, ही गुंतवणूक आहे," लेक म्हणाला. २०२२ मध्ये हे भाव खूप चढले आणि त्याच वर्षी आपटले, हेही नंतर त्यानेच सांगितले!

माझी अडचण वेगळीच आहे. चातुर्मासात मी परिग्रह-परिमाण केले, तेव्हा वहीत 'घड्याळे: दोन' असे लिहिले. (साड्यांच्या आकड्यापाशी हात बराच वेळ अडला होता, ते जाऊ द्या.) लेकाने व्रत घेतलेले नाही, म्हणून त्याला काही बोलत नाही. पण घड्याळ अजून घरात आलेले नाही आणि तो रोज रात्री फोनवर त्याचे भाव बघत बसतो. महाराजसाहेब तर आसक्तीलाच परिग्रह म्हणतात. मग हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचे?

बाबूजींचे एचएमटी अजून चालते, फक्त रोज चावी द्यावी लागते. सामायिकाची ४८ मिनिटे मी त्यावरच बघते. काल कटासण्यावर बसले असताना लेकाचा फोन वाजला. तो जेवण सोडून धावला. राइस मिलमधून ट्रकवाल्याचा फोन होता.