बापूची झोप

रेसच्या पुस्तकात त्याचं नाव तीन शब्दांचं, इंग्रजी आणि फार ऐटबाज होतं. तबेल्यात आला त्याच आठवड्यात सईसांनी त्याचा ‘बापू’ करून टाकला. चेहराच तसा होता, पेन्शनीला टेकलेल्या हेडक्लार्कचा. तेव्हा तो जेमतेम सहा वर्षांचा होता. रेसकोर्सवर तो नेहमी मागून पहिला यायचा म्हणे.

थरोब्रेड घोडा दुसऱ्या वर्षीच धावायला लागतो, बहुतेक सहा-सातच्या आत मैदानाबाहेर पडतो आणि जपला तर पंचविशी गाठतो. म्हणजे रेस हे त्याचं बालपणच. बापूची खरी नोकरी पुढची, पुण्यातल्या एका रायडिंग स्कूलमधली. ती त्याने सोळा वर्षं केली.

माझी मुलगी त्याच्यावरच शिकली. नवशिकं पोर एका अंगाला कललं की बापू त्याच अंगाला अर्धं पाऊल सरकायचा आणि त्याला पाठीवर नीट घ्यायचा. पोराला वाटायचं, आपणच सावरलो. सरांनी ‘ट्रॉट’ म्हटलं की पोराची टाच लागायच्या आत हा दुडकी धरायचा. तास संपत आला की मात्र कुणालाही न विचारता मैदानाच्या मधोमध जाऊन उभा. लबाड होता.

बाविसाव्या वर्षी त्याच्या डोळ्यांवरचे खळगे खोल गेले. दाढा झिजल्या, गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे सापडू लागले. पुढच्या दोन्ही पायांवर, खुराच्या वरच्या सांध्यापाशी, केस गेलेले चट्टे होते. मी समजत होते, नाल घासत असेल. डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवं व्हावंच लागतं. सांधे धरलेला घोडा आडवा व्हायला भितो, कारण पुन्हा उठता येईल याचा भरवसा नसतो. मग कधीतरी उभ्यानेच गाढ झोप लागते, पुढचे पाय दुमडतात, सांधे फरशीवर आपटतात आणि तो दचकून सावरतो. चट्टे त्याचे होते. किती रात्री हे चाललं होतं, कोण जाणे.

शाळेने सरळ सांगितलं, एक ठाण आणि एका घोड्याची चंदी अडकून पडलीय, पावसाळ्याच्या आत सोय बघा. राग आला. हिशेब मात्र खोटा नव्हता.

फुकटचा घोडा पुष्कळांना हवा असतो. एका रिसॉर्टवाल्याला तो पाहुण्यांच्या मुलांच्या फोटोसाठी हवा होता, ‘फक्त शनिवार-रविवार’. एकाला वरातीसाठी, ‘सीझन तरी केवढा असतो?’ एक गृहस्थ म्हणाले, शंभर एकर रान मोकळं आहे, द्या सोडून. पण डिसेंबरात त्या रानात गवत कुठलं? आणि कळपातल्या जनावराने तिथे एकट्याने काय करायचं? शेवटी मी पहिलाच प्रश्न विचारू लागले, ‘हा काहीच काम करणार नाही, चालेल?’ पलीकडचा आवाज लगेच पडायचा.

सासवडजवळच्या आत्तेभावाचा नाही पडला. ‘म्हातारा बैल सांभाळलाय की आपण,’ दादा म्हणाला. ‘खाऊन खाऊन खाणार किती?’ तरी मी त्याच्याकडून लिहून घेतलं: विकायचा नाही, कुणाला वर बसवायचं नाही, नको झाला तर मलाच परत. सख्ख्या आत्याच्या मुलाकडून! आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

टेम्पोत दिवे घाटाच्या प्रत्येक वळणाला बापू चारी पाय फाकवून उभा राहत होता, पोरांना सावरायचा तसाच स्वतःला सावरत. मळ्यावर पोचलो तर दादाने हौसेने म्हशीच्या खाद्याची पाटी भरून ठेवलेली. मी ती अक्षरशः ओढून घेतली. गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याच्या जिवावर बेततं. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. चुकीचं पोटात गेलं की गेलं. मग भिजवलेला कोंडा, बारीक कापलेला लसूणघास, आणि नवं खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचं, असं सगळं गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलं. दादा म्हणाला, ‘बैलाला एवढं वाचता येत नव्हतं.’

सोबतीला म्हैस होती. तिने तीन दिवस त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी बापू तिच्या शेपटीच्या टप्प्यात जाऊन उभा राहिला आणि फुकटात माश्या हाकलून घेऊ लागला.

दहाव्या दिवशी पहाटे दादाचा फोन. आवाज कापत होता. ‘अगं, घोडा पडलाय. अंजिराच्या वाफ्यात, नांगरटीत. पार आडवा. मान टाकलीय.’

‘पोट फुगलंय का? पाय झाडतोय? श्वास बघ आधी.’

फोन तसाच चालू होता. मला त्याच्या चपलांखाली ढेकळं फुटताना ऐकू येत होती. मग बराच वेळ काहीच नाही.

‘दादा?’

‘हळू बोल,’ तो कुजबुजला. ‘घोरतोय.’