कोठारातले जोडे

अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचे संग्रहालय आहे. १९६९ साली त्याने आपले कोठार चित्रकार अँडी वॉरहॉलसमोर उघडे केले. अडगळीत पडलेल्या वस्तू एखाद्या चित्रकाराने निवडाव्यात, ही कल्पना कलासंग्राहक जॉन आणि डॉमिनिक द मेनिल यांची. संचालक डॅनियल रॉबिन्स यांनी ती उचलून धरली. ‘रेड द आइसबॉक्स १’ या नावाचे हे प्रदर्शन आधी ह्यूस्टन, मग न्यू ऑर्लिन्स आणि १९७० च्या एप्रिलमध्ये प्रॉव्हिडन्सला भरले.

क्युरेटरचे काम म्हणजे पुष्कळांतून थोडे वेचणे. वॉरहॉलने नेमके तेच टाळले. पोशाख विभागातले जुने जोडे त्याने कपाटासकट, सगळेच्या सगळे मागितले. त्यांत एकसारखे पुष्कळ आहेत, असे सांगूनही तो हटला नाही. वर प्रत्येक जोड्याची नोंद सूचीत हवी, हा आग्रह. चांगल्या खुर्च्यांच्या दुरुस्तीला सुटे भाग मिळावेत म्हणून राखलेल्या विंडसर खुर्च्याही दालनात आल्या. छत्र्या आल्या, टोप्यांचे डबे आले. चित्रे मात्र भिंतीवर चढली नाहीत. ती जमिनीवर एकामागे एक टेकवून ठेवली होती आणि घसरू नयेत म्हणून पायाशी वाळूच्या पिशव्या होत्या.

याला लहर म्हणणे अन्यायाचे होईल. १९५० च्या दशकात वॉरहॉल आय. मिलर या कंपनीच्या जाहिरातींसाठी जोड्यांची चित्रे काढत असे, आणि १९६२ मध्ये त्याची सूपच्या डब्यांची ३२ चित्रे फळीवर ओळीने मांडली गेली होती. एकसारख्या वस्तूंची रांगच काही सांगते, हे त्याला हाताने ठाऊक होते. एकट्या उत्कृष्ट जोड्यावरून कारागिरी कळते. कपाटभर जोड्यांवरून माणसे कशी चालली, काय मिरवत होती आणि संग्राहकाला काय सोडवेना, तेही कळते. या मांडणीची किंमत चित्रांनी मोजली, हेही खरे: मागच्या चित्राचा दर्शनी भाग कुणालाच दिसत नव्हता. पण चित्र वर आणि खुर्ची खाली, ही उतरंड संग्रहालयानेच रचलेली असते, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसले असेल.

पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९८९ मध्ये, कलावंतानेच संग्रहातून निवड करावी अशी, ‘आर्टिस्ट्स चॉइस’ ही मालिका सुरू केली. पहिला मान मिळालेला स्कॉट बर्टन स्वतः आसनरूपी शिल्पे घडवणारा. त्याने ब्रांकुशीच्या शिल्पांखालच्या बैठकाच स्वतंत्र कलाकृती म्हणून मांडल्या. प्रॉव्हिडन्सच्या संग्रहालयानेही २०१९ मध्ये ‘रेड द आइसबॉक्स नाउ’ या नावाने समकालीन कलावंतांना पुन्हा आपल्या संग्रहात बोलावले.