शेतसाऱ्याचं विमान

पुण्याच्या जुन्या बाजारात एका बंद इस्त्रीच्या आणि पितळी अडकित्त्याच्या मधोमध ते पडलं होतं. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम सहा इंच. वरून हिरव्या ऑइलपेंटचा असा जाड थर, की कुणी खिडकीचे गज रंगवून उरलेला ब्रश त्यावरच पुसला असावा. पंख्याच्या तीन पात्यांपैकी एक मोडलेलं, डावं चाक गायब, काच पिवळी पडलेली. विकणारा म्हणाला, "पाचशे." मी म्हटलं, "अहो, मोडकं आहे." तो म्हणाला, "म्हणून तर पाचशे. धड असतं तर इथं कशाला आलं असतं?" या युक्तिवादावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. साडेतीनशेवर जमलं. लेकीने प्रवासासाठी दिलेली पोळीभाजी मी बसस्टँडवरच संपवली, डबा धुतला, विमान रुमालात गुंडाळून त्यात ठेवलं आणि घाटनांदूरला आणलं.

रंगाखालूनही ते मला ओळखू आलं होतं. करंजाच्या पानासारखा पंखांचा तो निमुळता गोलवा फार थोड्या विमानांना आहे. स्पिटफायर. दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं लढाऊ विमान. एअरफिक्स या इंग्रज कंपनीने १९५३ साली त्याचा छोटा प्लॅस्टिकचा संच काढला, दोन शिलिंगला एक, साध्या पिशवीत भरलेला. तिकडच्या पोरांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरून ही विमानं जोडली. पुढे त्यांचे किती साचे बदलले, किती नव्या आवृत्त्या निघाल्या, त्यातली काही विमानं कुठल्या कुठल्या सामानातून इकडे आली. प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा. हिशेब इतका सोपा की शाळेतल्या पोरालाही तोंडपाठ व्हावा. मी आयुष्यभर पोरांना प्रमाण शिकवलं, पण हे उदाहरण मला निवृत्तीनंतर सापडलं.

जुनी विमानं जमवणाऱ्यांत एक शहाणपण चालतं. ज्या संचाचा डबा कधी उघडलाच नाही, त्याला सगळ्यात जास्त भाव. मला हे कधी पटलं नाही. न उघडलेला डबा म्हणजे कुणी न खेळलेलं खेळणं, त्याची कसली जपणूक करायची? मला मोडकीच हवी असतात. त्यांच्याशी निदान कुणाचा तरी संबंध आलेला असतो.

स्टेशन रोडच्या गॅरेजमधून वापरलेलं ब्रेक ऑइल मागून आणलं. त्यात जुना रंग फुगून सुटतो आणि प्लॅस्टिकला सहसा धक्का लागत नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात विमान दोन दिवस बुडवून ठेवलं आणि हातात मोजे घालून जुन्या टूथब्रशने घासायला बसलो. हिरवा निघाला, खाली चंदेरी. चंदेरी निघाला, खाली निळा. तीन मालक, तीन मर्जी. शेजारचा पोरगा ओट्यावर येऊन बघत होता. "काय करायलात गुरुजी?" "विमान धुतोय." "त्याच्यापेक्षा नवंच आणा की!"

खरा पेच जोडांचा होता. पहिल्या मालकाने डिंक लावावा तसं हात सोडून प्लॅस्टिक जोडायचं सिमेंट लावलेलं. पंख वाकडा बसलेला, तो उकलल्याशिवाय सरळ होणार नाही. यावर उपाय थंडीचा. जुनं सिमेंट गारठलं की ठिसूळ होतं. रात्री विमान पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, मटाराशेजारी हे काय ठेवलंय?" पहिल्या रात्री वीज गेली म्हणून काम फसलं. दुसऱ्या रात्री टिकली. सकाळी दोन बोटांत पंख धरून हलकेच पीळ दिला, तर टक्‌ असा आवाज झाला आणि तो अखंड सुटला. मग धड उभं दुभंगलं आणि आत, खुर्चीत, इंचभरही उंची नसलेला वैमानिक बसलेला दिसला.

त्याला कुणीतरी मिशा काढल्या होत्या.

काळ्या रंगाच्या, सुईच्या टोकाने काढलेल्या, दोन्ही बाजूंना वर वळलेल्या. काच पिवळी पडल्यावर त्या कुणाला दिसणं शक्य नव्हतं. मी भिंग लावून बराच वेळ बघत बसलो. बाकी सगळं घासलं, वैमानिकाला मात्र पाणीसुद्धा लावलं नाही.

आता प्रश्न रंगाचा, आणि त्याच्यासाठीच मी हे विमान घेतलं होतं. कोणता रंग, हे आमच्या मुलखाच्या इतिहासाने ठरवलं. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. घाटनांदूरवरून परळीला जाणारा लोहमार्गसुद्धा निजामाच्या रेल्वेचा. पहिल्या महायुद्धात मीर उस्मान अली खान या निजामाने इंग्रजांना विमानांसाठी पैसा दिला. त्यातून ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची डीएच-नाईन-ए विमानं आली, आणि त्या स्क्वाड्रनच्या नावात हैदराबाद जोडलं गेलं. प्रत्येक विमानावर निजामाने दिल्याची अक्षरं होती. त्यातलं एक, एफ-१०१०, ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनांच्या हाती लागलं. ते बर्लिनच्या संग्रहालयात मांडलं गेलं, दुसऱ्या महायुद्धात पोलंडला पोचलं, आणि १९७७ साली ब्रिटिश वायुदलाच्या संग्रहालयाने ते परत मिळवलं. बदल्यात काय दिलं? एक स्पिटफायर. ही गंमत कळली तेव्हा मी एकटाच हसलो.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. १९३९ च्या ऑक्टोबरात उभी राहिलेली १५२ क्रमांकाची स्क्वाड्रनही हैदराबादच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९४० च्या उन्हाळ्यात ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेलहून स्पिटफायर घेऊन लढली. तिच्या बिल्ल्यावर चित्र कसलं, तर निजामाच्या पगडीचं. म्हणजे हिटलरच्या विमानांच्या मागे जी विमानं लागली, त्यातली काही आमच्या पगडीची. १९४३ च्या अखेरीस हीच स्क्वाड्रन हिंदुस्थानात आली आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली.

पैसा निजामाच्या खाजगी तिजोरीतला की सरकारी, हा काथ्याकूट इतिहासकारांनी करावा. तिजोरी कोणतीही असो, तिच्यात नाणं पडायचं ते रानातून. ज्वारी विकून, कापूस विकून, प्रसंगी बैल विकून भरलेल्या शेतसाऱ्याचं. विमानावर नाव लागलं ते देणाऱ्याचं. ज्यांनी भरलं, त्यांना आपल्या पैशाला पंख फुटल्याचा पत्ताही नव्हता. त्यांनी विमान पाहिलं ते वेगळ्याच वेळी. माझी आजी सांगायची, १९४८ च्या त्या सप्टेंबरात, भारताने संस्थानावर पोलीस ॲक्शन केली तेव्हा, डोक्यावर आवाज आला की बायका पोरांना घेऊन कडब्याच्या गंजीआड दडायच्या. "इमान आलं गं" एवढंच ती म्हणायची, आणि हात छातीशी न्यायची. तेव्हा पुण्याहून भारतीय वायुदलाची टेम्पेस्ट विमानं निजामाच्या मुलखावर येत होती. विमानांना पैसा पुरवणाऱ्याच्या डोक्यावर शेवटी विमानंच आली. आजीला त्या इंग्लंडमधल्या पगडीबद्दल सांगायचं राहून गेलं.

म्हणून माझं स्पिटफायर १५२ क्रमांकाचं. धडाच्या बाजूंवर करड्या रंगात त्या स्क्वाड्रनची यू आणि एम ही अक्षरं, तीन शून्याच्या ब्रशने, श्वास रोखून. वर्तुळं कंपासने आखली. वाकडा पंख सरळ बसवल्यावर राहिलेली फट एम-सीलने भरली आणि झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासली. काच मऊ फडक्यावर टूथपेस्ट घेऊन इतकी चोळली की आता मिशा बाहेरून दिसतात. वरचा रंग १९४० चा, गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, इंग्लंडच्या शेतांवर लपून जाण्यासाठी काढलेला. रंग सुकत असताना एक शेतकरी मित्र आला. त्याने विमान हातात घेऊन उन्हाकडे धरलं आणि निकाल दिला, "गुरुजी, ही माती आपली न्हाई. आपल्या काळ्या रानात हे कोसावरून दिसंल." इतका नेमका अभिप्राय मला कुठल्या जाणकाराकडून मिळाला नव्हता.

बिल्ल्यावरची पगडी मात्र मला जमली नाही. एकास बहात्तरात ती मोहरीएवढी होते. तीनदा काढली, तीनदा पुसली, शेवटी सोडून दिली. देणाऱ्याची खूण नसलेलंच बरं, असंही मनात येऊन गेलं, पण तो माझ्या हाताच्या थरथरीला दिलेला मुलामा आहे, हे मला माहीत आहे.

विमान आता बैठकीत रेडिओवर आहे. मोडकं पातं मी बाभळीच्या काडीतून तासून बसवलं आहे. चाक अजून नाही, म्हणून ते डाव्या अंगाला काडेपेटीला टेकलेलं असतं. तुमच्या माळवदावर, ट्रंकेत, मामाने कधीकाळी आणलेल्या सामानात असलं एखादं मोडकं विमान असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका, आणि पाण्याने धुवूही नका. आधी त्याच्या काचेतून आत बघा.