घर विकणे आहे!

आधी एक सांगून टाकतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले, म्हणजे मधला माणूस काढून टाकणे हाच आमचा धंदा. तिकीट खिडकीवरचा बाबू गेला, बँकेतली रांग गेली, ट्रॅव्हल एजंट तर कधीच गेला. त्यामुळे जालन्याचं घर विकायचं ठरलं तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला, "एजंट कशाला? ऑनलाईन टाक आणि दोन टक्के वाचव!" तर मंडळी, गेले पाच महिने पुणे-नगर-संभाजीनगर-जालना अशा वाऱ्या करून त्या दोन टक्क्यांचा जो काही हिशोब मला लागला, तो आज इथे मांडतोय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं गावाकडे एखादं कुलूपबंद घर असणारच, म्हणून.

घर जुन्या जालन्यातलं, गांधी चमनपासून चालत दहा मिनिटं. बाबांनी १९८३ साली बांधलं. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला, म्हणजे नव्या जिल्ह्याचा उत्साह तेव्हा ताजा होता. तीन खोल्या, गच्ची, मागे कढीपत्त्याचं झाड आणि अंगणाखाली मोठा हौद. पुण्यातल्या वाचकांना हौदाचं काय ते कौतुक वाटणार नाही, पण जिथे नळाला रोज पाणी येत नाही तिथे गिऱ्हाईक आधी हौद बघतं, मग किचन. बाबा गेले, आई आमच्याकडे पुण्याला आली, ताई नाशकात. आईला पेन्शन नाही. या घराचे जे येतील त्यावरच तिची पुढची वर्षं जाणार. म्हणजे हा काही नुसता बौद्धिक प्रश्न नव्हता.

मी नेहमीच्या सवयीने एजंटच्या कामाचे तुकडे पाडले. गिऱ्हाईक शोधणे, भाव ठरवणे, कागदपत्रं नीट करणे, आणि घासाघीस. आता एकेक बघू.

गिऱ्हाईक शोधणे. जालन्यात यासाठी वेबसाईट लागत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सांगितलं, संध्याकाळपर्यंत बातमी भोकरदन नाक्यापर्यंत! पहिल्या पंधरा दिवसांत अकरा फोन आले, तेही एक रुपया खर्च न करता. या खात्यात एजंटला शून्य मार्क.

भाव ठरवणे. इथे थोडं परदेशात जाऊन येऊ, कारण या विषयावर खरा अभ्यास तिकडे झालाय. लेव्हिट आणि सिव्हर्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो भागातल्या सुमारे एक लाख घरविक्री तपासल्या (२००८ साली पेपर छापून आला). एजंट जेव्हा स्वतःचं घर विकतो, तेव्हा ते साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतो! यात लबाडी असेलच असं नाही, साधं गणित आहे. समजा घर ५० लाखांचं. दोन टक्क्यांनी त्याचा एक लाख झाला. अजून महिनाभर थांबून तुम्हाला दोन लाख जास्त मिळाले, तर त्याला मिळणार फक्त चार हजार. त्या चार हजारांसाठी तो महिनाभर का थांबेल? तो म्हणणार, "साहेब, गिऱ्हाईक चांगलं आहे, देऊन टाका."

दुसरा अभ्यास विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहराचा, २००९ सालचा. तिथे मालकांनी स्वतः घर विकण्यासाठी वेगळी साईट होती. निष्कर्ष असा की एजंटांच्या सामाईक यादीत घर टाकल्याने किंमत काही फारशी वाढत नाही, मात्र घर लवकर विकलं जातं. आपल्याकडे तर तशी सामाईक यादीच नाही. प्रत्येक एजंटची यादी त्याच्या डायरीत आणि मोबाईलमध्ये.

मग भाव काढायचा कसा? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साईटवर रेडी रेकनरचे दर सगळ्यांसाठी खुले आहेत. तिथेच ई-सर्चमध्ये आपल्या भागात नोंदवलेल्या खरेदीखतांची सूची क्रमांक २ बघता येते. मी दोन रविवार घालवून एक्सेल शीट बनवली. कागदावरचा आकडा आणि खरा आकडा यात फरक असू शकतो हे धरूनसुद्धा अंदाज येतो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून (नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ ला सुरू झाला) जालन्यात जो तो वाढीव भाव सांगतो, पण महामार्गाजवळचा प्लॉट वेगळा आणि रिक्षा जेमतेम वळते अशा गल्लीतलं चाळीस वर्षांचं घर वेगळं. हे शीटने मला सांगितलं. एजंटला इथेही शून्य.

कागदपत्रं. हा भाग मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. घर त्यांच्या स्वकमाईचं, म्हणजे हिंदू वारसा कायद्याने आई, ताई आणि मी, तिघांचा सारखा हिस्सा. मालमत्ता पत्रकावर तिघांची वारस नोंद करून घेतली. दरम्यान मला भेटलेल्या पहिल्या एजंटने काय सुचवावं? "ताईंकडून हक्कसोड घेऊन टाका ना, सह्या कमी, सौदा लवकर." आणि वर "तुम्ही पुण्याला असता, मला मुखत्यारपत्र द्या, बाकी मी बघतो."

आता यातली गंमत बघा. त्याच्या दृष्टीने ताई म्हणजे एक जादाची सही. माझ्या दृष्टीने ती माझी बहीण, आणि बाबांच्या आजारपणात महिनाभर रजा टाकून राहिली होती ती तीच. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की तिचा हिस्सा कायमचा गेला. मी विचारलं असतं तर तिने सही केलीही असती, आपल्याकडे बहिणी करतात. म्हणूनच विचारलं नाही. विकणारे म्हणून तिघांची नावं, तीन चेक, तीन सह्या. मुखत्यारपत्राचं म्हणाल, तर नुसत्या त्या कागदावर मालकी बदलत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय, पण आपल्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याच्या खिशात जातोच. नमस्कार करून निघालो.

अजून एक सल्ला फुकट मिळाला होता, "थोडे वरचे कॅशमध्ये घ्या." घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून बंदी आहे. घेतले तर तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय आईने ते ठेवायचे कुठे, तांदळाच्या डब्यात? सगळा व्यवहार बँकेतून हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं. एका स्थानिक वकिलांकडून सर्च रिपोर्ट काढला, मसुदाही त्यांनीच केला. त्यांची फी ठरलेली, टक्केवारी नाही.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग! एजंट हवाच कशाला?

राहिली घासाघीस. ते अकरा फोन आठवतात ना? त्यातले सात ओळखीचे होते. शेजारच्या काकांनी तर थेट आईला फोन लावला, "वहिनी, घर बाहेरच्याला कामून देता? आम्हालाच द्या, पण घरच्या भावानं." घरचा भाव म्हणजे माझ्या शीटपेक्षा नऊ लाख कमी. आई गप्प. याच काकांनी रात्री दोन वाजता बाबांना दवाखान्यात नेलं होतं. "भाऊजींना मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू रे?" आई दोन रात्री झोपली नाही. मी म्हणतो म्हटलं, तर म्हणाली, "तू म्हणालास म्हणजे मीच म्हणाले." बरोबरच आहे. चाळीस वर्षं वाटीने साखर इकडून तिकडे गेली, त्या घरांमध्ये भावाची चर्चा होऊच शकत नाही. आणि ते नऊ लाख म्हणजे आईच्या हातखर्चाची कितीतरी वर्षं.

तेव्हा मी दुसरा एजंट गाठला. आमचं घर जुनं, रीसेलचं. महारेराची नोंदणी, २०२३ साली आलेलं प्रशिक्षण, परीक्षा हे सगळं नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटांसाठी. आमच्यासारख्या घराला ते लागू नाही. म्हणजे माणूस पारखूनच घ्यायचा. त्याला सरळ सांगितलं की टक्केवारी नाही, ठरलेली रक्कम देईन, तीही खरेदीखत झाल्यावर. किमतीचा तळ मी लिहून देतो, त्याखाली माझ्यापर्यंत यायचंच नाही. चावी तुमच्याकडे, घर तुम्ही दाखवायचं. आणि ओळखीचं कोणीही आलं तरी भाव तुम्हीच बोलायचा. तो हसला. म्हणाला, "म्हणजे वाईटपणा माझ्याकडं." म्हटलं, "त्याचेच पैसे देतोय."

आणि त्याने तो घेतला, चोख घेतला! काकांना भाव सांगितला, काका चिडले, "आमच्या गल्लीत येऊन आम्हाला भाव सांगतो का!" पण चिडले ते त्याच्यावर. मागच्या महिन्यात आई जालन्याला गेली तेव्हा काकूंकडे दोन दिवस राहून आली. काकांनी तिच्यासमोर त्या एजंटला भरपूर नावं ठेवली, आणि आईने मान डोलावली म्हणे!

तर माझा हिशोब असा. पुण्यातला सोसायटीतला फ्लॅट असेल, गिऱ्हाईक अनोळखी असेल, कागद स्वच्छ असतील, तर खुशाल स्वतः विका. गावाकडचं घर असेल तर भाव आणि कागद स्वतःच्या हातात ठेवा, ते कुणालाही देऊ नका. पण घासाघिशीला बाहेरचा माणूस घ्या, आणि त्याला टक्क्याने नाही, कामाने पैसे द्या.

इसार झालाय. घेणारे अंबडकडचे, दोघेही शिक्षक. घर फक्त बाईंच्या नावावर घेतायत, म्हणजे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत (ही २०२१ पासून आहे, लक्षात ठेवा). भाव माझ्या शीटपेक्षा एक लाखाने कमी, पण तळाच्या वर. खरेदीखत पुढच्या महिन्यात, ताई नाशिकहून येणार आहे. आईची एकच अट होती, ती मसुद्यात बसत नाही म्हणून वकिलांनी घातली नाही. मग तिने बाईंना स्वतःच फोन करून सांगितलं, की कढीपत्ता तोडू नका, आणि शेजारच्या काकूंना लागला तर देत जा.