खेद कुणाला?

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी इंग्रजीत सूचना लागली होती: ‘रिग्रेटफुली’ उद्या पाणी येणार नाही. अर्थ सगळ्यांना कळला, बादल्याही भरल्या गेल्या. पण काटेकोरपणे वाचलं तर टाकीतलं पाणीच खिन्न मनाने येणार नव्हतं! तिथे ‘रिग्रेटेबली’ हवं होतं. ‘रिग्रेटफुली’ म्हणजे मनात हळहळत काही करणं. त्यासाठी मन असलेला कर्ता लागतो. ‘रिग्रेटेबली’ हा घडलेल्या गोष्टीवर बाहेरून मारलेला शेरा. हळहळणारा कोण, हे सांगायची गरजच उरत नाही. ‘सॅडली’ दोन्ही डगरींवर हात ठेवून असतं. ‘होपफुली’ने ही कुंपणं केव्हाच ओलांडली, तशी ‘रिग्रेटफुली’ही ओलांडते आहे, शुद्धिवाद्यांनी डोळे वटारून काही होत नाही.

तरी हा भेद मला जपावासा वाटतो, कारण कारभाराच्या भाषेला कर्ता लपवायची भारी हौस. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ या पाटीतले ‘आहोत’ कोण, ते रस्ता खणून झाला तरी सापडत नाहीत. त्यापेक्षा मासिकांचे जुने संपादक बरे. ‘साभार परत’ लिहून मोकळे व्हायचे, खेदाची भानगडच नाही.

इतिहास सांगतानाही कर्ता असाच लपतो. नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांची धडपड, आणि काही वर्षं चाललेला लढा. त्याबद्दल ‘दुर्दैवाने प्रवेश मिळाला नाही’ असं कुणी लिहिलं की मी अडखळतो. दैवाचा इथे काय संबंध? दार माणसांनी अडवलं होतं. आणि अडवणाऱ्यांना त्या वेळी खेद झाला होता, असंही म्हणता येत नाही. म्हणजे ‘रिग्रेटफुली’सुद्धा गेलं.

दुर्दैव हा शब्द नेमका कुठे वापरायचा, ते पुढे याच जिल्ह्यात, येवल्यात दिसलं. १३ ऑक्टोबर १९३५ च्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या जन्माला दुर्दैव म्हटलं, कारण अस्पृश्य म्हणून जन्मणं त्यांच्या हातात नव्हतं. हिंदू म्हणून मरणार नाही, हे सांगताना मात्र हळहळीचा एकही शब्द नाही. ते त्यांच्या हातात होतं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर करून त्यांनी ते खरं केलं.